सायकलवरून आल्प्स ओलांडायचाय? मग साल्झबुर्गहून निघा

तुम्ही सायकल शेवटची कधी चालवली होती? कॉलेजात? मुलाला शिकवताना त्याच्या मागे धावताना दोन फेऱ्या मारल्या होत्या तेव्हा? की लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेली सायकल आता बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येतेय? उत्तर काहीही असलं तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे.

युरोपच्या सहलीत आल्प्स पर्वत बहुतेकांना बसच्या काचेतून किंवा रोपवेच्या डब्यातून दिसतो. पण हाच पर्वत तुम्ही स्वतःच्या पायांनी, सायकलवर बसून ओलांडू शकता, असं कुणी सांगितलं तर? पहिला विचार हाच येईल की हे खेळाडूंचं काम, आपलं नाही. चाळिशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, सोबत बारा वर्षांची मुलगी आहे. कसं जमणार?

जमू शकतं. फक्त मार्ग नीट निवडावा लागतो आणि घरूनच थोडी तयारी करावी लागते. असाच एक मार्ग आहे आल्पे आद्रिया. तो ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरातून निघतो, आल्प्स पार करतो आणि इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या काठी ग्रादो या गावात संपतो. अंतर सुमारे ४१० किलोमीटर. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये या मार्गाला वर्षातला सर्वोत्तम सायकलमार्ग म्हणून गौरवलं गेलं. ज्या देशात आजीपासून नातवापर्यंत सगळे सायकलवर असतात, तिथली ही पसंती आहे.

चढ गेला कुठे?

पर्वत ओलांडायचा म्हणजे चढ आलाच. मग सामान्य माणसाला हा मार्ग झेपतो कसा? याची तीन कारणं आहेत.

पहिलं, मार्गाचा बराचसा भाग नदीच्या काठाने जातो. नदी स्वतःच डोंगरातून सर्वांत सोपी वाट शोधत असते, सायकलमार्ग फक्त तिच्या सोबत चालतो. दुसरं, डोंगराचा सर्वांत उंच भाग तुम्ही सायकलवरून ओलांडतच नाही. तिथे सायकलसकट ट्रेनमध्ये बसून बोगद्यातून पलीकडे जाता. तिसरं कारण इटलीत कळतं. तिथे सायकलमार्ग जुन्या रेल्वेमार्गावर बांधला आहे. रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून रूळ टाकतानाच चढ अगदी हळूहळू वाढत जाईल अशी आखणी करतात. इंजिनासाठी केलेली ती सोय आज आपल्या गुडघ्यांच्या उपयोगी पडते.

आणखी एक मोठा दिलासा आहे. साल्झबुर्गपासून उदीनेपर्यंत रेल्वेमार्ग जवळपास कायम सोबत असतो. पाऊस आला, पाय दुखले, मुलं कंटाळली तर पुढच्या स्टेशनवर ट्रेन पकडा आणि मुक्कामाला पोहोचा. हरलो असं मानायचं कारण नाही. तिथे हे सगळेच करतात.

पहिले दोन दिवस नदीकाठाने

साल्झबुर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ४२५ मीटर उंचीवर आहे. इथून तुम्ही साल्झाख नदीच्या काठाने दक्षिणेला निघता. साल्झ म्हणजे मीठ. वाटेतल्या हालाइनजवळच्या खाणीतून निघालेलं मीठ याच नदीतून होड्यांनी नेलं जायचं आणि साल्झबुर्गची श्रीमंती त्यातूनच आली. पुढे दरी अरुंद होते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि वेर्फेन गावावर उंच कड्यावरचा होहेनवेर्फेन किल्ला दिसू लागतो. हा किल्ला ११व्या शतकातला आहे. वेळ असेल तर सायकल खाली ठेवून वर जाऊन या.

पहिला मुक्काम बिशोफ्सहोफेनला करता येतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा असते, कारण गास्टाइन दरीत शिरताना या मार्गावरचा सर्वांत दमवणारा चढ लागतो. इथे सायकलवरून उतरून चालायला लाजू नका. गियर कमी करा, पाणी प्या, थांबत थांबत जा. वर बाड गास्टाइन गाव आहे. गावाच्या अगदी मधोमध, जुन्या हॉटेलांच्या भिंतींना जवळपास खेटून एक प्रचंड धबधबा कोसळतो. इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी शेकडो वर्षांपासून लोक येतात. दिवसभराच्या चढानंतर त्या गरम पाण्यात पाय सोडून बसलात की शीण बराच उतरतो.

डोंगराच्या पोटातून

बाड गास्टाइनच्या पुढे ब्योकस्टाइन लागतं आणि तिथे रस्ता संपतो. समोर उंच टाउअर्न पर्वतरांग आहे. इथे मोटारी आणि सायकली दोन्ही ट्रेनवर चढवतात. सुमारे साडेआठ किलोमीटर लांबीचा हा रेल्वे बोगदा १९०९ मध्ये सुरू झाला. साधारण ११ मिनिटांत तुम्ही पलीकडे मालनित्सला उतरता. या ट्रेनचं वेळापत्रक आणि दुरुस्तीसाठी ती कधी बंद आहे का, हे तिकीट काढण्याआधी नक्की पाहा, कारण इथे दुसरी वाट नाही.

मालनित्स सुमारे १,२०० मीटरवर आहे. इथून श्पिट्टालपर्यंत जवळजवळ ६०० मीटर उतरायचं असतं. मुलांना हा दिवस सर्वांत जास्त आवडतो आणि अपघातही अशाच दिवशी होतात. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, ते तापतात. दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मुलांना पुढे सुसाट जाऊ देऊ नका. एक मोठं माणूस पुढे आणि एक मागे, असा क्रम ठेवा. श्पिट्टालपासून द्राउ नदीच्या काठाने फिलाखपर्यंतचा रस्ता मात्र निवांत आहे.

रुळांच्या जागी सायकलमार्ग

फिलाखनंतर सीमा ओलांडून तुम्ही इटलीतल्या तारविझियोला पोहोचता. इथून पुढचे सुमारे ५० किलोमीटर म्हणजे या प्रवासाचं सोनं आहे.

उदीनेपासून पोंतेब्बापर्यंतची रेल्वे १८७९ मध्ये पूर्ण झाली. फेल्ला नदीच्या अरुंद दरीतून, कड्याला चिकटून, पुलांवरून आणि बोगद्यांमधून ती जायची. गेल्या शतकाच्या अखेरीस डोंगराच्या आतून लांब बोगद्यांचा नवा मार्ग झाला आणि जुना मार्ग ओस पडला. अशा मार्गाचं पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. रूळ चोरीला जातात, झुडपं वाढतात, स्टेशनांची छपरं कोसळतात. इथे मात्र रूळ काढून त्यावर डांबर टाकलं आणि सायकलमार्ग केला. आज तुम्ही त्याच लोखंडी पुलांवरून जाता आणि खाली निळसर नदी वाहत असते. बोगद्यांत दिवे आहेत, तरीही सायकलला स्वतःचे दिवे हवेतच. कियुझाफोर्तेचं जुनं स्टेशन आता सायकलस्वारांचं थांबायचं ठिकाण झालं आहे. जिथे कधी प्रवासी गाडीची वाट बघायचे, तिथे फलाटावर बसून तुम्ही कॉफी पिता.

वाटेत पोंतेब्बात थोडं थांबा. पहिल्या महायुद्धापर्यंत या गावातून ऑस्ट्रिया आणि इटलीची सीमा जायची. मधल्या छोट्या नदीच्या एका बाजूला एक देश होता, दुसऱ्या बाजूला दुसरा. युद्धात या डोंगरांत सैनिक एकमेकांवर तोफा डागत होते. आज दोन्ही काठ मिळून एकच गाव आहे. मुलांनी शाळेत महायुद्धाचा धडा वाचला असेल तर त्यांना ही जागा दाखवाच.

जिथे होतं, जसं होतं

या मार्गावर फक्त एकाच गावासाठी वेळ असेल तर तो वेनझोनेसाठी राखून ठेवा.

६ मे १९७६च्या रात्री फ्रिउली प्रदेशात मोठा भूकंप झाला. सुमारे हजार माणसं दगावली. तटबंदी असलेलं वेनझोने हे मध्ययुगीन गाव पार मोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा धक्के बसले आणि मे महिन्यात कशीबशी उभी राहिलेली मोठी वास्तूही कोसळली. ती होती गावातलं मध्ययुगातलं मोठं चर्च.

आता काय करायचं, हा प्रश्न होता. ढिगारा उचलून फेकून नवी, सोपी, स्वस्त घरं बांधता आली असती. पण गावकऱ्यांनी आग्रह धरला की गाव जिथे होतं तिथेच आणि जसं होतं तसंच उभं राहिलं पाहिजे. मग चर्चचे हजारो दगड ढिगाऱ्यातून वेगळे काढले. त्यांची नोंद केली, त्यांना नंबर दिले, जुन्या फोटोंशी ताडून कुठला दगड कुठला हे शोधलं आणि एकेक दगड परत त्याच्या जागी बसवला. चर्च पुन्हा उघडायला १९९५ साल उजाडलं. २०१७ मध्ये इटलीतल्या लोकांनी वेनझोनेला देशातलं सर्वांत सुंदर छोटं गाव म्हणून निवडलं.

बसने येणारा पर्यटक इथे अर्धा तास थांबून फोटो काढतो. तुम्ही मात्र चार-पाच दिवस डोंगरातून सायकल हाकत इथे पोहोचलेले असता. चर्चच्या भिंतीत जुने दगड आणि त्यांच्या मधे भरलेले नवे दगड स्पष्ट ओळखू येतात. हात लावून बघा. लातूर, भूज, उत्तरकाशी यांपैकी कुठल्याही भूकंपाची आठवण ज्या घरात आहे, त्या घरातल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

सपाटी आणि मग समुद्र

वेनझोनेनंतर डोंगर मागे पडतात. काही ठिकाणी स्वतंत्र सायकलमार्ग सुटून साध्या रस्त्यावरून जावं लागतं, तिथे एका रांगेत चला. उदीने हे मोठं शहर लागतं. पुढे पाल्मानोवा आहे. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५९३ मध्ये वसवलेलं, नऊ टोकांच्या चांदणीच्या आकाराचं हे किल्ल्याचं गाव. जमिनीवरून आकार कळत नाही, म्हणून नकाशा उघडून आपण चांदणीत कुठे उभे आहोत ते मुलांना शोधायला लावा. त्यानंतर आक्विलेया लागतं. रोमन लोकांनी इसवी सनपूर्व १८१ मध्ये ते वसवलं. इथल्या चर्चमध्ये ४थ्या शतकातली रंगीत दगडी तुकड्यांची प्रचंड फरशी आहे. मासे, पक्षी, होड्या असं सगळं तीत दिसतं.

शेवटी खाजणातून जाणारा लांब बांध येतो. दोन्ही बाजूंना पाणी, समोर ग्रादो. बर्फाच्या डोंगरापासून निघून आपण समुद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी आलो, हे इथे पहिल्यांदा खरं वाटतं.

हा नको असेल तर?

प्रत्येक घराची ताकद वेगळी असते, त्यामुळे हेही पर्याय बघा.

अगदी सोपा: डॅन्यूब नदीकाठचा मार्ग, जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंत. सुमारे ३२० किलोमीटर आणि जवळजवळ सगळं सपाट. पूर्वी घोडे काठाने चालत होड्या ओढायचे, त्याच वाटांवरून यातला बराच मार्ग जातो. वाखाउ दरीत जर्दाळूच्या आणि द्राक्षांच्या बागा आहेत. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हाच निवडा.

छोटा आणि वेगळा: नॉर्वेतला रालारवेगन. हाउगास्तोलपासून फ्लोमपर्यंत सुमारे ८० किलोमीटर. रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी १९०२च्या सुमारास हा कच्चा रस्ता केला होता. १,३०० मीटरच्या वर जातो आणि जुलैतही वाटेत बर्फ असू शकतं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच जा.

मध्यम: व्हिया क्लाउडिया ऑगस्टा. जुन्या रोमन रस्त्याच्या मागावर जर्मनीतून इटलीत उतरणारा हा मार्ग सुमारे १,५०० मीटर उंचीच्या रेशेन खिंडीतून जातो. तिथल्या तलावातून चर्चचा एकटा मनोरा वर आलेला दिसतो. १९५० मध्ये वीजनिर्मितीच्या धरणासाठी ते गाव पाण्याखाली गेलं. चढ टाळायचा असेल तर खिंडीपर्यंत सायकली नेणाऱ्या बस आहेत.

फक्त मुरलेल्यांसाठी: फ्रान्समधला रूट दे ग्रांद आल्प. जिनिव्हा सरोवरापासून नीसपर्यंत ७०० किलोमीटरहून जास्त, एकामागून एक घाट. त्यात २,७६४ मीटरची इझरान खिंडही येते. व्हिडिओ बघून भुलून जाऊ नका. याची तयारी वर्षभर करावी लागते.

तयारी घरूनच

तीन महिने हाताशी ठेवा. आल्पे आद्रिया आठ दिवसांत करायचा तर रोज सरासरी ५० किलोमीटर पडतात. ताशी १५ किलोमीटरने हे साडेतीन तासांचं काम, थांबे धरले तर दिवसभराचं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनदा १० ते १५ किलोमीटर चालवा. दुसऱ्या महिन्यात रविवारी ३० ते ४० करा. तिसऱ्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस ५० किलोमीटर जमले पाहिजेत. एक दिवस कुणीही जोरात चालवतो, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना होते. जवळ घाट किंवा निदान मोठा उड्डाणपूल असेल तर चढाचाही सराव करा. गुडघ्याचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

सायकल इथून न्यायची गरज नाही. साल्झबुर्गला भाड्याने घेऊन ग्रादोला परत करता येते. सामान पुढच्या हॉटेलवर पोहोचवणाऱ्या सेवाही आहेत. ताकदीबद्दल शंका असेल तर इलेक्ट्रिक सायकल घ्या. ती ताशी २५ किलोमीटरपर्यंत पॅडलला जोर देते, पण पाय मारावेच लागतात. घरात एकाची ताकद जास्त आणि एकाची कमी असेल, तर कमी ताकदीच्या माणसाला इलेक्ट्रिक सायकल द्या. दोघं बरोबरीने चालतात आणि भांडणं टळतात.

जायला जून किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उदीनेच्या सपाटीवर चांगलंच ऊन असतं.

व्हिसा आणि विमा

ऑस्ट्रिया आणि इटली दोन्ही देश शेंगेन व्हिसावर होतात. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. मोठ्यांसाठी व्हिसाची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. तो घेताना सायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का, हे वाचूनच सही करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पासपोर्ट कायम जवळ बाळगा, सीमेवर कधी कधी तपासणी होते.

हे लक्षात असू द्या

• वाहतूक उजव्या बाजूने चालते. सकाळी निघताना आणि वळताना सवयीने डावीकडे जाण्याची चूक होते. घरातल्या एकाने रोज सकाळी मोठ्याने आठवण करून द्यावी.
• ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. तुम्हीही घालाच. इटलीत बोगद्यात आणि रात्री गावाबाहेर चमकणारं जाकीट लागतं.
• संकटात ११२ हा एकच नंबर दोन्ही देशांत चालतो.
• गावोगावी पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. ‘ट्रिंकवासर’ किंवा ‘आक्वा पोताबिले’ म्हणजे पिण्याचं पाणी. आधी ‘काइन’ किंवा ‘नॉन’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका.
• ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारीच फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवा. इटलीच्या लहान गावांत दुपारी दुकानं मिटतात.
• शाकाहारी असाल तर चीज घातलेले नूडल्स, बटाट्याचे पदार्थ आणि पास्ता सहज मिळतो. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, कारण तिथल्या नूडल्स आणि गोड पदार्थांत ते बहुतेक वेळा असतं. घरून थेपले, चिक्की, खजूर न्या. चढावर चिक्कीसारखं दुसरं काही नाही.

घरातला सर्वांत हळू माणूस

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याही नकाशात सापडत नाही. अशा सहली पायांच्या दुखण्यामुळे कमी आणि रुसव्याफुगव्यांमुळे जास्त बिघडतात. नवरा अर्धा किलोमीटर पुढे निघून जातो, बायको मागे एकटीच दम टाकत असते. मुलगा वैतागतो, वडील घड्याळ दाखवतात. म्हणून निघण्याआधीच घरात एक नियम ठरवा. सर्वांत हळू चालवणारा माणूस पुढे राहील आणि थांबायचं कधी हे तोच सांगेल.

घरात जी व्यक्ती नेहमी सगळ्यांच्या वेळा सांभाळत, सगळ्यांच्या मागून धावत असते, ती बहुतेक वेळा इथे सर्वांत पुढे असते. आठ दिवस सगळं घर तिच्या गतीने चालतं. परत आल्यावर फोटो सगळेच दाखवतात. पण तिला विचारा, त्या प्रवासात सर्वांत जास्त काय आवडलं. ती आल्प्स म्हणेलच असं नाही.

आणि हो, बाल्कनीतल्या सायकलवरचे कपडे आजच काढा. चाकात हवा भरा. पहिले ५ किलोमीटर तर इथूनच सुरू होतात.